फोटोला हार

बरकतपुरा, हैदराबाद
१८ नोव्हेंबर २०१३

चि. रेणू,
अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे आहेत तसेच. तुझा मेथीच्या लाडवांचा डबा पोचला. तुझ्या ओमकारने दोन खाल्ले.

तो तुला फोनवर ताप आहे म्हणाला ना? ताप नाही. खरं सांगू नकोस असं मीच त्याला म्हटलं. फोन कोण ऐकत असेल काय माहीत, म्हणून हे पत्र. माझी शाळा चौथीपर्यंत, चुका सांभाळून घे. वाचून कुणाला दाखवू नकोस.

गेल्या महिन्यात इथल्या नगरसेवकाचा वाढदिवस झाला. चौकात मोठा फलक लागला आणि कार्यकर्त्यांनी त्याच्या फोटोला झेंडूचा हार घातला. ओमकारने ते फेसबुकवर टाकलं, खाली लिहिलं, ‘साहेब कधी गेले? दहावा कधी?’ साहेबांची माणसं पोलिसांत गेली. सहासष्ट अ म्हणून कलम आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पोराला दिवसभर ठाण्यात बसवलं, मग जामीन झाला. फेसबुकवाल्यांनी मजकूर काढला, पण केस तशीच आहे. कंपनीने त्याला घरी बसवलंय. आमच्या गॅलरीतून समोर तोच फलक दिसतो. हार वाळलाय, फलक कुणी काढत नाही.

इन्स्पेक्टरने मला विचारलं, “चचा, लिखा कौन?” मी म्हटलं, “भांजा.” खोटं नव्हतं ते.

रेणू, पण ते वाक्य माझं आहे. चहाच्या हॉटेलात मी ते आधी बोललो होतो. सगळे हसले, साहेबांचा एक माणूससुद्धा हसला. मला चेव आला. घरी येऊन ओमकारला म्हटलं, टाक तुझ्या फेसबुकवर. तो म्हणाला, “मामा, नको, लफडं होईल.” मी त्याला भित्रा म्हटलं.

त्याने अजून माझं नाव घेतलेलं नाही. समोर बसून जेवतो, मान वर करत नाही.

आज ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं. इन्स्पेक्टर म्हणाला, “चचा, ये बोलने का केस नहीं, फोन का केस है. फोन किसका? उसका. आप घर जाव, गोली खाव.” माझा जबाब लिहूनही घेतला नाही. वकील म्हणतात, जास्त बोललात तर दोघेही अडकाल.

म्हणून तुझ्याकडे लिहून ठेवतोय. वर दाखवू नकोस लिहिलंय, ते खोड. ज्याला दाखवायचं त्याला दाखव. सही पूर्ण नावाने करतोय.

ते वाक्य बोललेला, तुझा दादा,
प्रताप हिम्मतराव सोळुंके