मृतांच्या यादीतून नाव काढून दहा दिवसांची रजा मिळण्याबाबत

प्रति,
मा. कर्नल साहेब,
व्हरमाँट पायदळ रेजिमेंट,
हिवाळी छावणी, फॅल्मथजवळ, व्हर्जिनिया.

दिनांक : २ मार्च १८६३

विषय : मृतांच्या यादीतील माझे नाव काढून मला घरी जाण्यास दहा दिवसांची रजा देण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्या तिन्हींवर आपल्या कचेरीने मारलेला एकच शेरा : "मृत इसमास रजा देय नाही."

महोदय,

मी, ऑरिन थ्रॉल, 'क' कंपनीचा शिपाई, जिवंत असून आपणास विनंतीपूर्वक कळवतो की :

१. डिसेंबरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, प्रेत बेवारस पुरले जाऊ नये म्हणून, आम्ही सर्वांनी रिवाजाप्रमाणे आपापल्या नावाच्या चिठ्ठ्या कोटाला आतून टाचल्या. मला लिहिता येत नाही. माझी चिठ्ठी माझ्या राहुटीतील सोबती ॲसाहेल पॅडक यांनी लिहिली. त्यांना ताप होता आणि शेकोटीपाशी बसून त्यांचा कोट पाठीवर जळाला होता, म्हणून मी माझा कोट त्यांच्या अंगावर घातला. चिठ्ठी काढून घ्यायचे डोक्यात आले नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला चिठ्ठीची आठवण कुठली राहणार? ॲसाहेल दुसऱ्या दिवशी टेकडीवर मारले गेले. मला मांडीत गोळी लागली आणि मी नदीपलीकडे परक्या रेजिमेंटच्या इस्पितळात अठरा दिवस होतो. परत आलो तेव्हा मला पुरून झाले होते, कप्तान साहेबांचे सांत्वनपत्र माझ्या घरी पोचले होते, आणि ॲसाहेल यांच्या नावापुढे 'फरार' असे लागले होते.

२. मेल्यापासून मी एकोणीस वेळा पहारा केला आहे. हजेरीत माझे नाव पुकारत नाहीत, पण गैरहजर राहिलो तर शिक्षा होते. एकदा चिखलात पाय गारठले म्हणून तक्रार केली, तर सार्जंट डनमोर म्हणाले, "मेलेल्याला कसली आलीय थंडी? उचल बंदूक अन् हो उभा!" डॉक्टर साहेबांकडून दाखला आणला. त्यात 'कामास लायक' असे आहे, 'जिवंत' असे नाही, म्हणून कचेरीने तो परत केला. फेब्रुवारीत शंभरात दोघांना रजा देण्यासाठी टोपीतून चिठ्ठ्या काढल्या, त्यात माझे नाव निघाले. कारकून म्हणाले, "नाव निघालं रे बाबा, पण तू कुठं आहेस?" मी समोर उभा होतो. महोदय, शत्रूने मला एकदाच मारले, कचेरी रोज मारते.

३. आपल्या कचेरीने खात्री करण्यासाठी माझ्या पत्नीस, लोव्हिनाला, पत्र घातले. तिचे उत्तर सोबत आहे : "माझ्या नवऱ्याचं अक्षर मी ओळखते. हल्ली त्यांच्या नावानं येणारी पत्रं कुणा भलत्याचीच आहेत. विधवेची अशी थट्टा करू नका."

येथे मला एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. ती ज्याला माझे अक्षर समजते ते ॲसाहेल यांचे होते. मला सही येत नाही म्हणून लोव्हिना हसायची. छावणीत आल्यावर मी तिला कळवले की मी लिहायला शिकलो, आणि पुढची सगळी पत्रे ॲसाहेल यांच्याकडून लिहून घेतली. ती पत्रे तिने गावभर दाखवली. इस्पितळातून परतल्यावर मी, हा अर्जही लिहून देणारे आमच्या कंपनीतील सायलस व्हीलॉक यांच्याकडून दोन पत्रे लिहवून घेतली. "खाली तुझी खूण तरी कर," असे ते म्हणत होते. मला लाज वाटली. मी केली नाही. करायला हवी होती.

४. आमच्याकडे साखरेसाठी मेपलच्या झाडांचा रस उतरू लागला आहे. तो हंगाम संपला की लोव्हिनाचा भाऊ तिला आणि आमच्या मुलीला गाडीत घालून ओहायोला नेणार आहे. मग मी कुठल्या दाराशी जाऊ? मला घराची इतकी ओढ लागली आहे की हातातले कडक बिस्कीट हातातच राहते. हे अर्जात लिहू नये असे सायलस म्हणतात, पण मी लिहायला सांगितले आहे.

५. ॲसाहेल यांच्या आईशी गावात कोणी बोलत नाही, कारण मुलगा फरार. मृतांच्या यादीतील जागा त्यांची आहे. ती मी अडवून बसलो आहे. रजा मिळो वा न मिळो, ती त्यांना द्यावी.

रजा नामंजूरच करायची असल्यास शेरा कागदाच्या मागील बाजूस मारावा आणि हाच कागद माझ्या पत्नीकडे धाडावा. खालची खूण मात्र झाकू नये. आमच्या साखरेच्या प्रत्येक पिंपावर तीच खूण मी तापल्या सळईने उठवली आहे. ती पाहिल्यावर तिला दुसरा दाखला लागणार नाही.

सोबत :
(१) कंपनीतील अकरा जणांचे निवेदन.
(२) डॉक्टरांचा दाखला.
(३) पत्नीच्या उत्तराची नक्कल.
(४) ॲसाहेल यांच्या जळक्या कोटाला राहिलेली त्यांच्या नावाची चिठ्ठी, त्यांच्याच अक्षरात. त्यांच्या आईला द्यायची आहे, कृपया परत मिळावी.

आपला आज्ञाधारक व अद्याप हयात,

ऑरिन थ्रॉल, यांची खूण :

⋔

(खूण माझ्यासमोर केली. – सायलस व्हीलॉक, अर्ज लिहिणार)