चांदीची कास

सूनबाई जयमाला,

माझ्या रोहिणखेडच्या बहिणीचं पत्र पंधरा दिवस शेळीपालनाच्या पुस्तकात दडवलं होतं. 'दादा, पहिलारू चांदीची कास एका बाजूनं लहान हाय. ठेवू का इकू?' माझ्या चुकीच्या सल्ल्यानं तिची पहिल्या वेताची चांगली शेळी जाईल, या धास्तीनं उत्तरच दिलं नाही.

सकाळी आपल्या मैना शेळीची कासही तशीच दिसली. तू हसलीस, 'मामाजी, पुस्तक ठेवा अन् धार काढल्यावर हात लावून पाहा.' पाहिलं. दोन्ही बाजू सारख्याच मऊ, गाठ कुठंच नाही. पिल्लू एकाच सडाला पीत होतं म्हणून ती बाजू लहान दिसत होती, एवढंच!

बहिणीला तेच लिहिलं: 'आधी धार काढून पाहा. मऊ लागली तर विकू नको.' खाली तुझंही नाव घातलं.

शेळ्या घेऊन नाल्याकडे चाललो, भाकर झाकून ठेव. पुन्हा शंका येईल म्हणून पत्र आधीच टपालपेटीत टाकून आलो.