यान उन्नीस पार्क, मेहकर

रविवार, १० ऑगस्ट १९८६
सकाळी शेषरावांकडे 'यान उन्नीस' पाहिलं. गल्लीत टीव्ही एकच, त्यामुळे त्यांच्या ओसरीवर सगळी गल्ली. सगळे नुसते बघतात. विचार मी एकटाच करतो.
आज निर्णय पक्का. घरामागच्या मोकळ्या जागेत 'यान उन्नीस'चा पार्क. यान, तो राखी ग्रह, तिथली माणसं, सगळं. दिल्लीला सीरियलवाल्यांना कार्ड टाकलं. उद्घाटनाला या म्हणून.
शरयू पद्माला घेऊन माहेरी पिंपळगाव राजाला गेली आहे, विश्रांतीला. शिलाई मशीनही नेली. विश्रांतीत मशीन कशाला, हे मी विचारलं नाही. जाताना म्हणाली, आधी कोंबड्या झाल्या, मग मधमाश्या झाल्या, आता हे आभाळातलं संपलं की कळवा. मधमाश्यांचं तिनं अजून मनातून काढलेलं नाही. पद्माचा डोळा सुजला होता, पण उतरला की.
पद्माला ही सीरियल जीव की प्राण. पार्क पाहिला की ती इथून हलायची नाही, आणि पोरीमागे आई येणारच. साधा हिशोब आहे.

रविवार, १७ ऑगस्ट
आज मोठा शोध लागला. त्या ग्रहावर प्रत्येक माणसाच्या उजव्या बाजूला आणखी एक फिकट माणूस उभा असतो. सेम टू सेम. हा हलला की तोही हलतो. कॅप्टनलासुद्धा आहे. शेषरावांना दाखवलं. ते म्हणाले, हाव ना, इतके दिवस पाहून राह्यलो पण ध्यानात नाही आलं, तुमची नजर लय बारीक हाय.
म्हणजे पार्कात प्रत्येक पुतळ्याची जोडी लागणार. पत्रा आणायचा कुठून?

सोमवार, १८ ऑगस्ट
माळ्यावर जोडी सापडली! महालक्ष्म्यांच्या कोठ्या. कमरेइतक्या, पत्र्याच्या, दोन्ही एका मापाच्या. वर्षातून तीन दिवस त्यांच्यावर मुखवटे बसवायचे, साड्या नेसवायच्या, एरवी माळ्यावर पडून. आईच्या वेळच्या आहेत, पत्रा अजून खणखणीत.
पुंजाजी पत्रेवाल्याला बोलावलं. तो मागे सरकला. म्हणाला, साहेब, ह्या तं महालक्ष्म्याच्या कोठ्या होत, मले भोक पाडाले नाही जमत. मी समजावलं, देवी मुखवट्यात असते, कोठी म्हणजे नुसता पत्रा. तो चहा पिऊन निघून गेला. अंधश्रद्धा. अँटेनाची भोकं मीच पाडली. एक जरा मोठं झालं.

शनिवार, २३ ऑगस्ट
ऑफिसला दांडी. सगळं राखी रंगवलं. ग्रह राखी, माणसं राखी, माझे हात राखी. डोक्यांना मडकी उपडी घातली. जमिनीला चंद्रासारखं रूप यावं म्हणून घरातली रांगोळी पसरली. पुरली नाही, आणखी आणली, तीही पसरली.
शेजारच्या गीताबाई भिंतीवरून म्हणाल्या, पिंपळगावहून निरोप आला, शरयूबाई महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी येऊन राह्यली, कोठ्या पुसून ठेवजा म्हणे. म्हणजे येणार! मी म्हणतच होतो.
कोठ्यांचं तिला नीट समजावून सांगायचं. सणापुरता रंग काढता येईल. रॉकेलनं निघतो.
दिल्लीहून उत्तर नाही. कामाची माणसं पत्र लिहीत बसत नाहीत, थेट येतात.

रविवार, ३१ ऑगस्ट
शरयूचा भाऊ शरच्चंद्र नागपूरहून आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, आधी पार्क बघ.
बघितला. म्हणाला, भावजी, सगळं राखेसारखं का? त्याच्याकडे रंगीत टीव्ही आहे. त्यात म्हणे ग्रह गेरूसारखा लाल दिसतो आणि कॅप्टनचा कोट हिरवा. आणि सगळे दोन-दोन का? मी शोध सांगितला. सीरियलच्या वेळी तो शेषरावांच्या गच्चीवर चढला आणि अँटेना जरा फिरवला. खाली टीव्हीतली सगळी फिकट माणसं एका झटक्यात गेली. कॅप्टन एकटा.
ओसरीवरची सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी सांगितलं, या भागात ते मेले असावेत. शेषराव कधी नव्हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आसंन बा.
घरी येऊन झोपलो. जेवलो नाही. माणूस चुकतो, त्यात काय. पण इतक्या लोकांसमोर नको होतं.
शरच्चंद्राचं बोलणं राहूनच गेलं. एसटीत चढताना म्हणाला, ताई पद्माचं नाव तिकडच्या शाळेत घालते आहे. असू दे. तात्पुरती शाळा बरीच असते.

सोमवार, ८ सप्टेंबर
काल घरोघरी गणपती बसले. मी रॉकेल घेऊन कोठ्या घासत बसलो. रंग निघत नाही. चिकट झाला आणि काळा पडला. भोकांना डांबर लावलं. मोठं भोक डांबरानंही बुजलं नाही. त्यावर साडी येईल, कोण बघतं?
उद्या पहाटे पुन्हा घासायचं. मडकी काढून ठेवायची. पार्क सणापुरता बंद ठेवायचा. अंगणात सडा. शरयूला आवडतो.

मंगळवार, ९ सप्टेंबर
पहाटे जाग आली नाही.
दुपारच्या गाडीनं दोघी आल्या. पद्मा पिशवी टाकून थेट मागे पळाली. मी दारातून बघत होतो, आता ओरडेल, आता टाळ्या वाजवील. ती कोठ्यांसमोर थांबली. एकीच्या डोक्यावरचं मडकं दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. मग मला विचारलं, बाबा, महालक्ष्म्यांना बाहेर का उभं केलं?
शरयू मागून आली. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिनं भोकावरचं डांबर बोटानं खरवडून पाहिलं. आत जाऊन ट्रंकेतून दोन्ही मुखवटे काढले, तिच्या लग्नातल्या शालूत गुंडाळले. मी म्हटलं, अगं, या घरच्या महालक्ष्म्या, घराबाहेर नेत नाहीत. ती म्हणाली, तुम्ही त्यांना आधीच बाहेर काढलंय. आणि म्हणाली, मी घर सांभाळायला येत होते हो, या वेळी खरंच येत होते.
चारच्या गाडीनं गेल्या. पद्मानं खिडकीतून हात केला. सवयीनं केला असेल.

बुधवार, १० सप्टेंबर
आज महालक्ष्म्या यायच्या. गल्लीत प्रत्येक दारापासून आतपर्यंत पावलं काढलेली. आपल्याकडे पद्मा काढते.
गीताबाईंनी विचारलं, तुमच्याकडच्या कधी बसतात? मी म्हटलं, संध्याकाळी. का म्हटलं, कोण जाणे.
म्हणून मीच पावलं काढायला बसलो. डब्यात रांगोळी नव्हती, सगळी मागे ग्रहावर सांडलेली. चिमटीनं वेचून आणली. तीत माती होती. आतल्या बाजूला दाराकडे तोंड करून बसलो आणि एकेक काढत उंबऱ्यापर्यंत गेलो. छान जमली. बोटंसुद्धा नीट आली.
उठून बघितलं तेव्हा कळलं. सगळी पावलं घरातून बाहेर चालली होती.
पुसून परत काढायला रांगोळी उरली नव्हती.