हनुवटीपाशी फट

३ ऑक्टोबर

रित्सुचा फोन. "मामा, यायचं असेल तर याच महिन्यात या." एवढंच बोलली आणि नाक ओढत राहिली. ताईचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणे आता फक्त दिवस ढकलतायत.

कागोशिमा! कुशिरोहून म्हणजे देशाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला. दोन विमानांनी. बंद डबा, शेदोनशे माणसं, आणि सगळ्यांचा श्वास एकमेकांत. मी दोन वर्षं साध्या बाजारात गेलेलो नाही.

भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे — खूप भीती वाटते.

४ ऑक्टोबर

माझी बायको चिएमी म्हणाली, "जा." आणि लगेच, "पण जपून. माझी वस्तू घेऊन चाललायत."

मूत्रपिंड तिचं आहे. माझी दोन्ही बसली तेव्हा तिने आपलं एक काढून दिलं. शरीराने ते परकं समजून हाकलू नये म्हणून मी रोज गोळ्या खातो, आणि त्याच गोळ्या अंगातली सगळी राखण झोपवून ठेवतात. लोकांना शिंक येते, मला न्यूमोनिया होतो. गेल्या हिवाळ्यात झालाच. श्वास आत जायचा आणि मध्येच कुठेतरी संपायचा — नको ते.

ती बरोबर येऊ शकत नाही. गुडघा! आपल्याच जिन्याला शिव्या देत चढते.

७ ऑक्टोबर

इस्पितळात. डॉक्टरांनी 'जाऊ नका' म्हणावं, अशी आतून इच्छा होती. ते म्हणाले, "जा. विमानतळाच्या दारापासून दारापर्यंत मास्क. कानात अडकवायचा पातळ नको. डोक्यामागून दोन पट्टे असलेला, आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा."

मग नर्स कुरोसेबाईंकडे. त्यांनी मला मास्क चढवला, त्यावरून डोक्यावर एक पारदर्शक टोपडं घातलं आणि भोकातून आत बारीक फवारा मारला. कडू पाण्याचा. मास्क नीट बसला असेल तर जिभेला काही कळत नाही. मला एका श्वासात कळलं. कडूजहर!

"वाकुईसान, मास्क चांगला आहे. दाढीवर कुठलाच बसत नाही, केसांतून हवा शिरते. काढावी लागेल."

मी म्हटलं, "दुसरा काही उपाय?"

"न जाणं," बाई म्हणाल्या.

८ ऑक्टोबर

दाढी.

मी चार वर्षांचा होतो, ताई बारा. मला पाठीशी बांधून ती घरात वावरायची. स्टोव्हजवळ तिचा पाय अडकला. किटली उपडी झाली. उकळतं पाणी तिच्यावर नाही, माझ्यावर आलं. हनुवटी, जबडा, मानेचा थोडा भाग.

तिला कुणी रागावलं नाही. घरात कुणी तो विषयच काढला नाही. पण त्यानंतर ती माझ्याकडे बघेनाशी झाली. जेवताना वाडग्यात बघून माझ्याशी बोलायची. शाळा संपली तशी नागोयाच्या गिरणीत गेली, आणि तिथून दक्षिणेकडचा नवरा करून आणखी लांब.

तिच्या लग्नाला जायचं म्हणून मी दाढी वाढवली. निदान त्या दिवशी तरी तिच्या डोळ्यांपुढे हे नको. डागावर केस येत नाहीत, बाजूचे लांब सोडून वर ओढून घ्यावे लागतात. लग्नात तिने माझ्याकडे पाहिलं — सरळ पाहिलं! — आणि ढसाढसा रडली. मला वाटलं, सुटली बिचारी. तेव्हापासून दाढी ठेवली ती ठेवलीच.

आता त्याच ताईला भेटायला ती काढायची. मरणाच्या दारात असलेल्या बाईपुढे हा चेहरा न्यायचा?

चिएमीनेही कधी पाहिलेला नाही. कधी हात लावून विचारलंही नाही.

११ ऑक्टोबर

काढली. न्हाणीघरात, दाराला कडी लावून. मग बराच वेळ बाहेर आलो नाही.

१२ ऑक्टोबर

कालपासून घरात मास्क लावून फिरतोय. चिएमीने सकाळी भात वाढला आणि समोर बसून राहिली.

"आपल्या घरात साथ आलीय का?"

"सवय करतोय. प्रवासाची."

"आणि जेवण काय नाकाने घेणार?"

काढला मग. तिने चष्मा पुसला, पुन्हा लावला, इकडून तिकडून पाहिलं.

"अगंबाई, एवढीशी हनुवटी!" ती म्हणाली. "इतकी वर्षं फसवलंत मला."

आणि लोणच्याची वाटी माझ्यापासून लांब सरकवली. मीठ कमी खायचं ना.

१४ ऑक्टोबर

पुन्हा टोपडं, पुन्हा फवारा. वाटीसारखा कडक मास्क — कडू. मधोमध घडी असलेला — "डोकं डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. आता मोठ्याने वाचा." वर्तमानपत्रातली हवामानाची बातमी वाचता वाचता पुन्हा कडू. डागाच्या वळ्या आहेत ना, त्यांच्या खालून फट राहते. कुरोसेबाईंनी तिथे बोट फिरवलं. चिएमीने नुसतं पाहिलं होतं, हात लावणाऱ्या ह्या पहिल्याच. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, जशी भिंतीची भेग चाचपतात तशी चाचपली.

मला वाटलं, संपलं. ताईला सांगायचं, चेहऱ्यावर मास्क बसत नाही म्हणून आलो नाही.

तेवढ्यात त्यांनी बदकाच्या चोचीसारखा एक काढला. लहान मापाचा, बहुतेक बायका वापरतात तो. कड मऊ, हनुवटीच्या खाली जाणारी. फवारा. वाचलं. मान फिरवली. वाकलो. काही नाही! पाण्याचीही चव नाही!

"आता हाच न्यायचा," बाई म्हणाल्या. "नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, एका हाताने चिमटा काढू नका. लावल्यावर जोरात श्वास सोडा आणि कडेला हात धरा. वारा लागला तर पुन्हा बसवा. चष्म्यावर वाफ आली तरी तेच समजा."

१९ ऑक्टोबर

चिएमी माझी तालीम घेते. दिवसातून कितीदा तरी ओरडते, "मास्क फाटला!" — की मी श्वास कोंडून जुना काढायचा, नवा चढवायचा, आधी खालचा पट्टा मानेवर, मग वरचा डोक्यावर, तार, हात फिरवून फट बघायची, मग श्वास. पहिल्यांदा मी मध्येच श्वास घेतला. "मेलात," ती म्हणाली. आणि मग स्वतःच पुढे होऊन माझे पट्टे सोडवायला लागली.

२२ ऑक्टोबर

झोप नाही. उद्या निघायचं. जाऊ नये का?

२४ ऑक्टोबर, कागोशिमा

पोचलो. काल लिहायचं त्राण नव्हतं म्हणून आज लिहितोय. रित्सुच्या घरी वरच्या खोलीत आहे, सगळ्या खिडक्या उघड्या.

पहिलं विमान ठीक गेलं. तोक्योला विमानतळाच्या गच्चीवर गेलो, चिएमीने बजावल्याप्रमाणे. उघड्या वाऱ्यात मास्क काढला, तिने बांधून दिलेले भाताचे गोळे खाल्ले, पोटभर पाणी प्यालो, गोळ्या घेतल्या. थंडीने बधिर झालो, पण श्वास मोकळा.

दुसऱ्या विमानात शेजारी एक गृहस्थ. बसल्यापासून खोकत होते. रुमाल तोंडावर धरायचे, माफी मागायचे, पुन्हा खोकायचे. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. आणि विमान वर चढताना टप्पकन आवाज झाला. वरचा पट्टा तुटला!

मास्क खाली लोंबायला लागला. मी दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला. नवे मास्क वर, सामानाच्या कप्प्यात, पिशवीत. मी मूर्ख! उठायची सोय नाही, खुर्चीचा पट्टा बांधून ठेवायचा दिवा लागलेला. शेजारी खोकतायत. मी हातांत तोंड धरून बसलेला म्हातारा — लोकांना वाटलं असेल, रडतोय. रडतच होतो थोडा.

दिवा विझल्याबरोबर शेजाऱ्यांनीच बोलावण्याचं बटण दाबलं. "यांना बरं नाही वाटत," म्हणाले. विमानातली सेविका, पोरगीच, धावत आली. मला हात काढून बोलायची भीती. डोळ्यांनी वर दाखवलं. "पिशवी? निळी?" तिने काढून दिली, उघडूनही दिली. शेजारी गृहस्थ काय समजायचं ते समजले. रुमाल तोंडावर धरून उठले आणि मागे जाऊन उभे राहिले.

श्वास कोंडला. जुना काढला. खालचा पट्टा. वरचा. तार. कानात चिएमीचा आवाज. हात फिरवला — वारा नाही. मग श्वास.

ते गृहस्थ नंतर मागेच बसले. त्यांना नीट धन्यवादही देता आले नाहीत.

२५ ऑक्टोबर

घसा खवखवतोय. ताप नाही. पुन्हा पाहिला. नाही.

२६ ऑक्टोबर

खवखव आहेच. ताईकडे गेलो नाही. मी तिच्याकडे काय घेऊन जाईन कुणास ठाऊक! रित्सु दाराबाहेर जेवण ठेवते. म्हणते, "मामा, कालपासून समोरचा ज्वालामुखीचा डोंगर राख उडवतोय, इथे सगळ्यांचेच घसे असे. खिडक्या लावा की!" खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं. काळं झालं. तरी भरवसा वाटत नाही. चिएमीला फोनवर सांगितलं नाही.

२८ ऑक्टोबर

तपासणी केली. काही निघालं नाही. घसाही सुटला. इस्पितळात गेलो.

ताई एवढीशी झालीय. पण जीभ तीच. "एवढ्या लांबून आलास आणि तोंड बांधून बसलास? दरोडा घालायचाय का माझ्यावर?"

रित्सु म्हणाली, "आई, मामाला काढायला परवानगी नाही. इथे कुणालाच नाही."

मला सुटल्यासारखं वाटलं. मास्क हनुवटीच्या खालपर्यंत जातो. ताईने पाहिलं नाही. चिएमी कशी आहे, कुशिरोला बर्फ पडला का, हेच बोलत राहिली. माझा हात मात्र सोडला नाही.

२९ ऑक्टोबर

नर्सने तिला चाकाच्या खुर्चीतून अंगणात आणलं. उघडी हवा, आसपास कुणी नाही. तिथे काढायला काहीच हरकत नव्हती. ताई वाट बघत होती, मला कळत होतं. मी डोंगराकडे बघत बसलो. विमानातही एवढा घाबरलो नव्हतो.

३० ऑक्टोबर

आज अंगणात काढला.

ताईने नजर हटवली नाही. हात उचलायला तिला वेळ लागला. बोटं डागावर ठेवली, वळ्यांवरून फिरवली. आणि म्हणाली, "दाढी काढलीस. म्हणजे गेला एकदाचा माझ्यावरचा राग."

राग! तिच्या लग्नापासून तिला वाटत होतं, ती दाढी म्हणजे मी रागाने तिच्यापासून तोंड झाकलंय —

मी म्हटलं, "हो ताई. गेला."