घरात कोण कोण

१४ डिसेंबर, रविवार संध्याकाळ

बाबा, तुम्हाला लिहायचं म्हणते आणि राहूनच जातं. दिवाळीच्याही आधीपासून एक ओळ नाही. राग मानू नका. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण तुम्हाला नुसत्या काळजीच्याच गोष्टी कळवाव्यात हे बरं वाटेना. आजची गोष्टही काळजीतूनच निघाली आहे, पण ती तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तिच्यात तुम्ही आहात.

पावसाळा संपता संपता आई न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण शेजारच्या काकांना शंका येईपर्यंत ती तिथेच ओल्या फरशीवर बसून होती. मी बोरिवलीहून मुलुंडला पोचले तर पलंगावरून मलाच विचारते, "जेवलीस काय गो?" त्या दिवसापासून माझा एकच हेका, माझ्याकडे राहायला चल. आणि तिचा एकच, "ह्यांना सोडून कुठे येऊ?" तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, बाबा. मी घाबरून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, डोकं अगदी ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा जास्त त्यांच्या लक्षात राहतं. मग मी भांडायचं सोडलं. खरं सांगते, ती नाही म्हणाली की मला राग येतो, आणि त्याच क्षणी थोडं सुटल्यासारखंही वाटतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी कशा वाटतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर मिळालेलं नाही.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची पोलीस ठाण्यात नोंद करता येते, मग कुणीतरी अधूनमधून घरी येऊन विचारपूस करून जातं, हे मला ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं. मी नोंदीसाठी सांगून आले, आणि येताना सारखं वाटत राहिलं, तुम्हाला हे आवडलं नसतं. तुम्ही साठीचे झालात त्या वर्षी आपण दोघं बसनं भांडुपला चाललो होतो, आठवतं? ज्येष्ठांच्या राखीव जागेवर कानात वायरी घातलेला एक तरुण बसलेला. मी त्याला उठायला सांगणार, तेवढ्यात तुम्ही माझा दंड धरता. "गप. म्हाताऱ्यांची जागा आहे ती." मी म्हणते, "बाबा, हक्काची आहे." तुम्ही म्हणता, "असेल. माझे पाय अजून माझं ऐकतात." बस वळते, तुम्ही वरचा दांडा घट्ट धरता, कारखान्यात हातोडी धरून जाड झालेली बोटं पांढरी पडतात, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत राहता, जणू काही झालंच नाही.

तर आज ती आली. पोलीस शिपाई, पंचविशीची असेल. दारातच म्हणाली, "आजी, आत येऊ का?"

"आजी नको म्हणू. काकू म्हण. आणि बूट काढ."

तिनं निमूट बूट काढले. आत गुलाबी मोजे होते. आईला ती तिथेच आवडली.

"काकू, घरात कोण कोण राहतं?"

"आम्ही दोघं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी लादीकडे.

"काका कुठे आहेत?"

"गॅलरीत. या वेळेला गॅलरीतच असतात."

"आई, अगं..."

"काय आई? असतात."

आणि खरंच, माझ्या लहानपणी असताच की. पहिल्या पाळीहून आला आहात, अंगात बनियन, पाय गजांना टेकवलेले, पेपर मांडीवर उघडा. वाचत नाही. समोरच्या डोंगरावर ऊन उतरतं ते बघता. स्वयंपाकघरात कप वाजतात. कुणी काही बोलत नाही आणि कुणाला काही हवंही नसतं.

ती मुलगी हसली नाही. म्हणाली, "दोघंच वयस्कर राहत असतील तरी नोंद होते, काकू. पण मग मला काकांनाही भेटावं लागेल. कसं करूया?"

आई पदर सारखा करत राहिली. "आणि एकटी लिहिलंस तर?"

"तर तुम्हाला भेटायला येत जाईन. आणि मुलं बघत नसतील तर तेही सांगा. कायदा आहे. त्यांना सांभाळायलाच लागतं."

"ही बघते गो! नको तितकी बघते. फोन करून करून डोकं उठवते. त्याच्यावर काय कायदा आहे काय, सांग."

आम्ही तिघी हसलो. मी जरा कमी. तो कायदा मी मुलुंडला जाताना बसमध्ये मोबाइलवर वाचला होता. मुलांनी आईवडिलांना सांभाळावं. कुठल्या घरात, कुणाच्या सोबतीनं, हे मला त्यात सापडलं नाही.

"लिही," आई म्हणाली. "एकटी." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "मला काय कळत नाही? पण एकटी म्हटलं की घर केवढं मोठं होतं."

मग अडीअडचणीला पहिला फोन कुणाला, असं तिनं विचारलं. मी माझा नंबर सांगायला लागले. आईनं मध्येच अडवलं. "शेजाऱ्यांचा घाल पहिला. हिला यायला दीड तास लागतो." तक्रार नव्हती त्यात. मी शेजारच्या काकांचा नंबर सांगितला.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्यापासून त्या घरात मी एकदाही मुक्कामाला राहिले नाही. ऑफिस, मुलीचे क्लास, सकाळची घाई, कारणं सगळी खरी आहेत. पण आज त्या मुलीबरोबर मीही गॅलरीकडे पाहिलं. तिथे खुर्ची होती, तिच्या पाठीवर वाळत टाकलेला टॉवेल होता. आईला तुम्ही दिसता, बाबा. मला दिसत नाही. मला तिचा हेवा वाटतो, आणि म्हणून मी तिथे थांबत नाही. हे कुणाला बोलले नव्हते. वहीत लिहिलं आहे, वहीतच राहील.

उद्या : ऑफिसातून थेट मुलुंडला, राहायला. दात घासायचा ब्रश तिकडेच ठेवायचा.