डाव्या खिडकीची पट्टी

गुरुजी, काल तुमच्या गाडीवर दहा मिनिटं मोटरचा पाइप सोडला. अख्खा मोहल्ला पाहून राहिला होता. आत काकू बसल्या होत्या, मांडीवर पेपर पसरून. अन् पाणी आत गेलं नाही! म्हणजे गेलं, पण गेलं नाही. थांबा, मी असा मधूनच सुरू होतो म्हणून तुम्ही माझा कान पिळायचे. पहिल्यापासून सांगतो.

तुम्ही गेल्याले नऊ वर्षं झाली, तर तुमाले माहीत नसन, मी आता गोंदियाले गाड्यांच्या काचा अन् रबर बसवायच्या दुकानात आहे. दहावीले दोनदा बसलो, तिसऱ्यांदा घरचेच म्हणले, राहू दे बाबू. आमच्या बाजूले भंगारवाला आहे. मागच्या आठवड्यात तो चहा पिता पिता म्हणते, "तेरे गाँव में वो मास्टर वाली सफेद अँबेसेडर है ना, इतवार को उठा रहा हूँ." मी हातातली काच ठेवली, गाडीवर टांग मारली अन् कामठ्याच्या रस्त्यानं थेट तुमच्या अंगणात. तुमची लेक, आमच्या ताई, नागपूरहून आल्या होत्या. म्हणल्या, "चालते रे गाडी, पण बसवत नाही तिच्यात. पाणी शिरून शिरून खालचा पत्रा सडला, वास येतो. आई एकटी, काय करेल तिचं?" काकू ओसरीत भाजी निवडून राहिल्या होत्या. मान वर न करता म्हणल्या, "मी तिच्यात बसून नागऱ्याच्या महादेवाले जाईन." "चालवणार कोण?" "हा चालवीन," काकूनं माझ्याकडं देठ दाखवला. "अन् पावसाळ्यात?" "टावेल घेऊन बसीन. आजवर बसलीच ना."

टावेल ऐकलं अन् माझी नजर गाडीच्या डाव्या दारावर गेली. काऊन, ते सांगतोच. पण तोंडातून निघून गेलं, "ताई, आठ दिवस द्या. सगळे रबर नवीन टाकतो. मग वरून पाणी सोडा. एक थेंब आत आला तर भंगारवाल्याच्या ट्रकात मीच ढकलून देतो." ताई हसल्या. "एक थेंब बरं का. लहानपणापासून ओळखते तुला."

आता ते सांगतो, जे तुमाले माहीत नाही असं मी चौदा वर्षं धरून चाललो. सातवीतलं गॅदरिंग. नाटक तुम्हीच लिहिलं, तुम्हीच बसवलं, मी दुष्ट सेनापती. तलवार पुठ्ठ्याची, वरून चमकी कागद. तालमीत पहिल्याच वारात ती लोंबकळली अन् पोट्टे हसले. दुपारच्या सुट्टीत पाहतो तर तुमची गाडी चिंचेखाली उभी, अन् समोरच्या डाव्या दारावर, काचेच्या वरच्या काठाले, ती चकाकती पट्टी. हातभर लांब, थोडी बाकदार. तलवारच होती ना ती, उगाच दारावर लावली होती. खिळ्यानं उचकली, निघाली. ती पट्टी रबर दाबून धरते, हे तेव्हा मले कुठं माहीत!

मग नाटक. मी कमरेतून तलवार काढतो अन् भर उन्हात ती अशी लखलखते का पहिल्या रांगेतले पाहुणे डोळ्यावर हात धरतात. तिसऱ्या प्रवेशात मले मरायचं आहे. राजा वार करते, मी मरत नाही. एवढी चांगली तलवार हातात असून कायले मरू? राजाच पळून राहिला, मी त्याच्या मागं. पडद्याआडून तुमचा आवाज येते, "मर ना बे! अरे, मर!" पब्लिक शिट्या मारून राहिली. शेवटी तुम्हीच पडदा ओढला अन् मले आत घेतलं. "ठरलं होतं ना मरायचं? तू मेला नाही म्हणून राजकन्येचं लगन राहून गेलं!" एक कानाखाली. मग तलवार हातात घेतली, उलटीपालटी केली, तिच्यावरून अंगठा फिरवला. "चांगली आहे. कोणं आणली?" मी म्हणलो, "मामानं, बालाघाटहून." तुम्ही म्हणले, "बरं. सांभाळून ठेव," अन् परत दिली. बस, तेव्हापासून मी पोट्ट्यांले सांगत आलो का मास्तरच्या गाडीची पट्टी मास्तरच्याच हातात दिली अन् मास्तरले पत्ता नाही.

तर आठ दिवस. रबर अन् पट्ट्या रायपूरहून मागवल्या. जुनं रबर ओढलं तर बिस्किटासारखं तुटून राहिलं. खाचेतून धानाची फोलं निघाली, मुंग्यांची माती निघाली अन् पांढरी पूड निघाली, ते मी तुमचा खडूच समजून घेतला. गंज घासला, रंग मारला, वाळू दिला. समोरची काच एकट्यानं बसत नाही गुरुजी. रबराच्या ओठात चारी बाजूनं दोरी घालायची, तिची टोकं आत सोडायची, वरून शाम्पूचं पाणी लावायचं. मग एकानं बाहेरून तळहातानं काच दाबायची अन् दुसऱ्यानं आतून दोरी ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जाते. मी बाहेर, काकू आत. "हळू काकू, हळू!" "मले शिकवू नको, तू दाब!" कोपरा आला, अडला, मी हात मारला, वळला, बसला! मी अंगणात नाचलोच. काकू काचेआडून हसून राहिल्या होत्या, अन् काच अशी साफ का पडलेले दातही मोजता आले.

तीन दारांले नवीन पट्ट्या लावल्या. चौथ्यासाठी घरी गेलो अन् आड्यावरून तलवार काढली. आईनं तिच्यानं वांदरं हाकलून हाकलून टोक वाकवलं होतं. ठोकून सरळ केली, तरी थोडी राहिलीच. टोक रबराले उचलून धरीन, हे मले दिसत होतं. दुकानात असं कोणं केलं असतं तर मी त्याले शिव्या दिल्या असत्या. पण जिथली तिथं न्यायची होती ना. लावली.

अन् काल पाइप. ताई घड्याळ धरून उभ्या. टपावरून पाणी असं धो धो, समोरून थेंब नाही, मागून नाही. लोक म्हणून राहिले, "वा बे!" माझी छाती फुगली. तेवढ्यात पाहतो तर डाव्या खिडकीच्या कोपऱ्यात, बरोबर त्या टोकापाशी, एक थेंब मोठा होऊन राहिला. पडला, काकूच्या पेपरावर. मग दुसरा. काकूनं वर पाहलं. मग काचेतून माझ्याकडं पाहलं. मग हळूच पेपराची घडी केली अन् तिच्यावर बसल्या. ताईनं विचारलं, "आई, कसं आहे?" "कोरडं ठणठणीत! जा, त्या भंगारवाल्याले फोन लाव, येऊ नको म्हण."

ताई आत गेल्या तसं काकूनं दार उघडलं. "ह्या जागी मी किती पावसाळे भिजली, माहीत आहे तुले?" मी पट्टीचं टोक अंगठ्यानं दाबलं. "दुरुस्त करून आणा म्हणलं का तुझे गुरुजी म्हणत, पट्टी सेनापती घेऊन गेला, आणीन तो. मले वाटे मास्तर माणूस आहे, बोलून राहिला काहीबाही." अन् टावेल माझ्या तोंडावर फेकला. "पूस आता, सेनापती." मी म्हणलो, उद्याच सरळ करून देतो. तर म्हणतात, "राहू दे. टावेल आहे."

म्हणजे तुमाले समजलं होतं! गुरुजी, तुम्ही तर माझे बाप निघाले. टाळ्या मी खाल्ल्या, मजा तुम्ही पाहली, अन् भिजल्या काकू. याचा बोल दोघांवरही येते, तुम्ही काहीही म्हणा.

सोमवारी नागऱ्याले चाललो, काकू डाव्या सीटवर. हे पत्र गाडीच्या पुढच्या खणात ठेवणार होतो, तुमचा चष्मा तिथंच राहायचा म्हणून. पण आता तिथं काकूची सुपारी राहते, वाचतील. म्हणून माझ्याच खिशात राहू देतो. रायपूरहून पट्ट्या चार आल्या होत्या, गुरुजी. चौथी, सरळ टोकाची, माझ्या घरी आड्यावर आहे. सांभाळून ठेवली आहे.