देवमासा बंद होणार नाही

२९ ऑगस्ट, सकाळी १०.४०
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून युद्ध. वहीची पहिली सहा पानं फाडली, त्यात मागच्या वर्षीचे जर्मन शिकण्याचे संकल्प होते.

पार्कच्या कंपनीला नवीन मुख्य आल्या. याआधी त्या गाद्यांच्या कंपनीत होत्या. वीस वर्षं लोकांना झोपवणारी बाई आता लोकांना किंचाळायला लावणार! आल्या आल्या जाहीर केलं: सप्टेंबरात ज्या राइडवर दिवसाला सरासरी तीनशे माणसं बसणार नाहीत, ती राइड बंद.

म्हणजे देवमासा बंद. हे मला उद्देशून आहे.

देवमासा ही पार्कातली सर्वांत जुनी राइड. आठ जणांची बोट माशाच्या तोंडातून आत जाते, पोटात अंधार, नऊ मिनिटांनी शेपटीतून बाहेर. घाबरण्यासारखं काहीही नाही, हेच तिचं सौंदर्य. बावीस वर्षं ती माझा सख्खा मामा चालवतो. बोट सोडताना ओरडतो, हात आत, मान आत, मासा जेवायला बसलाय! हे नियमांच्या पुस्तकात नाही. मामाचं स्वतःचं. फॅन लोक लांबून ते ऐकायला येतात.

आमच्या 'देवमासाप्रेमी' ग्रुपवर (सभासद ४३) हाहाकार. मी लिहिलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर मासा पोहणार. अठ्ठावीस अंगठे आले.

जेवताना मामाला म्हणालो, घाबरू नकोस, मी आहे ना. तो गुडघ्याला मलम चोळत राहिला. गहिवरला असणार. मामी म्हणाली, पाहुणे, तुम्ही यात पडू नका. (मी चार दिवसांसाठी आलो होतो, त्याला सात महिने झाले. तेव्हापासून मामी मला पाहुणे म्हणते. प्रेमाने.)

१ सप्टेंबर
संकल्प: रोज सहाला उठणे. बाईंना नमवणे.
मार्ग: बहिष्कार. कुणीही पार्कात पाऊल ठेवायचं नाही. कल्पना माझी. ग्रुपचा अ‍ॅडमिन सलूनवाला, तोही तयार झाला.
उठलो साडेनऊला. पण निर्धाराने उठलो.

५ सप्टेंबर
बहिष्कार कडकडीत. मामा म्हणाला, आज देवमाशावर फक्त एकसष्ट माणसं. एरवी सव्वाशे असतात. मी टाळ्याच वाजवल्या. मामाही खूश, बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होता. मामीने न मागता दुसरं अंडं वाढलं. अख्खं घर माझ्या पाठीशी आहे.

८ सप्टेंबर, दुपारी
सलूनवाल्याचा फोन. गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून केला, इतकं अर्जंट. म्हणाला, अरे शहाण्या, त्या बाई माणसं मोजतायत. आपण गेलो नाही तर आकडा कमीच होणार ना? मासा आपणच मारतोय!
मी म्हणालो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, शत्रूला गाफील ठेवायचं होतं. त्याच्या मागून गिऱ्हाईक विचारत होतं, उरलेली दाढी आज होणार की उद्या.
बहिष्कार मागे. उद्यापासून बसणे. बसतच राहणे.

९ सप्टेंबर
फॅमिली पासवर आत गेलो (फॉर्ममध्ये नात्यापुढे 'मुलगा' लिहिलंय, भाच्यासाठी रकानाच नव्हता). लक्ष्य चाळीस फेऱ्या. झाल्या अकरा. बाराव्या वेळी रांगेतून तळ्याकडे लक्ष गेलं. एक बदक एका पायावर उभं होतं. तासभर! दुसरा पाय कुठे ठेवतं? यावर कुणी अभ्यास केलाय का? बघता बघता पार्क बंद झालं.
राहिलेल्या एकोणतीस फेऱ्या उद्याच्या चाळिसांत मिळवणे.

बोटीत मी एकटा असलो तरी मामाला दर वेळी ओरडावं लागतं. अकराव्या वेळी म्हणाला, तू होय, बस मुकाट. प्रवाशांशी असं बोलणं बरं नाही. पण ग्रुपवर टाकलं नाही. घरची गोष्ट.

१४ सप्टेंबर
मामीने बशा पुसायला बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाली, नीट ऐका. मामांनी दोन वर्षांपूर्वी 'हरवले-सापडले'च्या खिडकीसाठी अर्ज दिलाय. तिथे खुर्ची आहे. माशापाशी दिवसभर उभं राहावं लागतं, आणि डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केलीय. जुने साहेब म्हणायचे, मासा तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. आता मासा बंद झाला तर त्यांना खुर्ची मिळतेय. शिरलं का डोक्यात, पाहुणे?

मी म्हणालो, शिरलं.
काय शिरलं ते लिहून ठेवतो: मामा थकलाय. थकलेला माणूस स्वतःसाठी लढत नाही. म्हणजे त्याच्यासाठी मलाच लढावं लागणार.
एक बशी फुटली. जोशात.

१७ सप्टेंबर
क्रांती! पार्काच्या दारात मोर्चा काढला. बारा जण येणार होते, चार आले, त्यातला एक छत्री विसरला होता ती घ्यायला. तरी बघा, दुपारपर्यंत देवमाशाला रांग, संध्याकाळी आकडा ५१२! जनता जागी झाली. आजच मोठा रोलर कोस्टर दुरुस्तीसाठी महिनाभर बंद झाला, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.
मामा घरी आला तो भिंतीला धरून. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. विजयाचा थकवा वेगळाच असतो. अंडं नाही.

२४ सप्टेंबर
बाईंना सात पानी पत्र लिहिलं. मुद्दा पाचव्या पानावर येतो, आधी पार्श्वभूमी (बदकांसह).
बाई रोज सकाळी सपाट चपला घालून पार्कात फिरतात. माशाच्या तोंडाशी गाठलं. असं सुनावणार होतो की गाद्या आठवल्या असत्या. पण त्या सरळ बोटीत बसल्या, सीट अंगठ्याने दाबली आणि म्हणाल्या, यातला फोम कधीच गेलाय. मी समोर बसलो. नऊ मिनिटं अंधारात माशाचा इतिहास सांगितला, न थांबता. शेपटीतून बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, या राइडबद्दल तुमच्याइतकं अजून कुणाला माहीत आहे? मी ताठ मानेने म्हणालो, कुणालाही नाही.
मग त्या मामाशी बराच वेळ बोलल्या. मामा माझ्याकडे बोट दाखवून हसत होता. मी आल्यापासून पहिल्यांदा.
ग्रुपवर कळवलं: मला सल्लागार नेमतायत. सल्लागाराला केबिन असते.
पत्र द्यायचं राहिलं.

३० सप्टेंबर
सरासरी ३०१. मासा वाचला!!! एका माणसाच्या जिद्दीपुढे अख्खी कंपनी झुकली.

२ ऑक्टोबर, सकाळी
काल नेमणुकीचं पत्र आलं. सल्लागार हा शब्द त्यात नाही. ऑपरेटर, देवमासा. आज सव्वाआठपासून.
मामाची बदली 'हरवले-सापडले'च्या खिडकीत, कायमची. मामाने बाईंना सांगितलं होतं म्हणे, मला खुर्ची द्या, माझ्या जागी भाचा आहे. त्याच्याइतका मासा कुणाला येत नाही, तुम्हीच त्याच्या तोंडून ऐकलंत.
मी नाही म्हणू शकलो असतो. मी कुणाच्या बापाला भीत नाही. कुरियर सोडलं, पेट्रोल पंप सोडला, जर्मन सोडलं. पण नाही म्हटलं की मामाची खुर्ची गेली. शिवाय मामी डबा भरून दारात उभी होती. आज पाहुणे म्हणाली नाही. म्हणाली, जा हं बाळा, उशीर नको.
डबा घेतला.

९ ऑक्टोबर, जेवणाची सुट्टी
उभ्याने लिहितोय. ऑपरेटरला बोटीची दोन्ही टोकं दिसली पाहिजेत, म्हणून इथे स्टूलसुद्धा नाही. एका पायावर उभं राहून बघितलं. दुसरा पाय कुठे ठेवायचा ते बदकालाच ठाऊक.
मामाच्या वाक्यात सुधारणा केली. आधी माशाचा थोडक्यात इतिहास (चार मिनिटं), मग हात, मग मान. आज इतिहास चालू असताना दोन बोटी रिकाम्याच सुटल्या. लोकांना सवय होईल. नवीन माणसाला वेळ द्यावा लागतो, एवढी साधी गोष्ट फॅन लोकांना का कळत नाही?

१६ ऑक्टोबर, जेवणाची सुट्टी
येताना मामाच्या खिडकीवरून आलो. तिथे रांग. कुणाचं काही हरवलेलं नाही. एका बाईंना त्यांचीच पर्स परत देताना मामा खुर्चीतून ओरडला, पर्स आत, हात आत, मासा जेवायला बसलाय! टाळ्या पडल्या. सलूनवाला सर्वांत पुढे. माझ्याकडे बघून मोबाइलमध्ये डोकं घातलं.

कारण मग कळलं. ग्रुपवर याचिका आहे. 'देवमाशाचा जीव घेणाऱ्या नवीन ऑपरेटरला हटवा.' लेखक: सलूनवाला. मुद्दे: भाषण संपत नाही. बोट वेळेवर सुटत नाही. हा इसम काम सोडून बदकं बघतो. माशाबद्दल प्रेम नाही. एकूण सह्या २१२ (ग्रुपबाहेरच्यांच्याही). माझ्या बहिष्काराला इतकी माणसं कधी मिळाली नव्हती.

तीनदा वाचली. शेवटचा मुद्दा सोडला तर एकही खोटा नाही. आणि देवमाशाला कुणी हात लावला तर मी गप्प बसणारा माणूस नाही, मग तो कुणीही असो.

सही केली. क्रमांक २१३.

बोट आली. उठायला हवं. म्हणजे, उभाच आहे.